खंडेनवमी, भाळवणी

मिरजेला उतरलो तेव्हा पहाटेचे चार.
पोरीनं पहिल्याच चहावाल्याला विचारलं, "एव्वळवु?"
तो हसला. "दहा रुपये, ताई."
मी पैसे दिले आणि थोडा लाजलो.
कशाला, ते अजून नीट सांगता येत नाही.

नाव तिचं कावेरी.
गावात सगळे विचारतात,
आपली येरळा काय वाईट होती?
ही जन्मली त्या साली येरळेत वाळूसुद्धा उरली नव्हती,
आणि कुंभकोणमच्या दवाखान्याच्या खिडकीतून
पाणी दिसत होतं.
एवढंच कारण.

आज ओसरीवर घोंगडं अंथरून
मांडलीय आमची सगळी इस्टेट:
सांडशी, मूस, भात्याचं फाटकं कातडं,
कसोटीचा दगड, टाकणखाराचा डबा,
गुंजांची पुरचुंडी.
दुसऱ्याच्या दागिन्यातलं हीण काढून
आम्ही तीन पिढ्या जेवलो.
सोन्यातून तांबं वेगळं करायचं,
चांदीतून शिसं. हात आपोआप करतात.
पोरीच्या बोलण्यातून मात्र
काय वेगळं काढायचं, कळत नाही,
मी काढतही नाही.

"ही सांडशी कुणाची?"
आबांची. चौसष्ट साली घेऊन गेले.
खिशात परतीचं भाडं नव्हतं,
भाषा तर त्याहून नव्हती.
सहा महिने आबा नुसते बोटांनी बोलले.
मग मुरुगेसन नावाच्या पानवाल्यानं
दुकानामागची हातभर जागा दिली भट्टीला,
आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की
ओल्या फडक्यावर विड्याची पानं मांडून शिकवलं:
एका पानाला ओन्नु,
दुसऱ्याला रेंडु.
आकडे आले तसा धंदा आला.
बाकीची भाषा भांडणांत आली.

बायकोनं नैवेद्याला सुंडल केलंय,
कढीपत्ता, खोबरं, वर मोहरीची फोडणी.
वहिनी दारातच थबकली:
"देवाला चालंल का गं हे?"
आईनं एक दाणा तोंडात टाकला.
"हरभरंच हायती की! आण इकडं."
झाली धर्मसभा.

मग वहिनीनं सुपारीखाली
विड्याची दोन पानं ठेवली, दरसालसारखी.
कावेरी पुढं सरकली,
बोट लावून म्हणाली, ओन्नु. रेंडु.
आणि कोपऱ्यातनं,
जिथं रंगनाना भिंतीला टेकून बसलेले असतात,
भट्टीच्या धुरानं डोळे गेलेले,
कारैकुडीहून परत आल्यापासून
वीस वर्षांत ज्यांनी तिथला शब्द काढला नव्हता,
तिथनं आवाज आला: मूणु.

कुणी हललं नाही.
"नालु," पोरगी म्हणाली.
"अंजु," नाना म्हणाले, आणि पुढं
भराभरा काहीतरी बोलत सुटले,
मला अर्धंच समजलं.
भाड्याच्या खोलीचं काहीतरी, पावसाचं,
कुठल्याशा अळगम्माच्या हातच्या रसमचं.
चुलती पदर तोंडाला लावून बघत होती.
चाळीस वर्षांचा संसार,
आणि हा माणूस तिला नवाच.

पोरीनं वहिनीकडून आणखी एक पान मागून घेतलं,
सांडशीशेजारी ठेवलं.
"हे मुरुगेसन तात्तांचं."
कुणी विचारलं नाही, ते आपले कोण.

दुसऱ्या दिवशी विट्याला पालख्या पळताना
ती माझ्या खांद्यावर बसून ओरडली,
कुठल्या भाषेत, त्या गर्दीत कुणाला ऐकू येणार!
घसा बसला तो बसलाच.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर
तिनं आठ-दहा वहीत दाबून ठेवली,
मुरुगेसनच्या नातवाच्या घरी द्यायला.
"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,
हे त्यांना कसं सांगायचं, अप्पा?"
तंगम् म्हण, पुढचं ते समजून घेतील.
"पण ते खरं मानतील? ते तर आपलं दुकान रोज बघतात."

मला उत्तर सुचेना.
तिनं कसोटीचा दगड उचलला,
एक पान त्यावर जोर लावून घासलं,
आणि ती हिरवी ओली रेघ
माझ्या नाकासमोर धरली:
"बघा ना, किती कॅरेट?"

मी चष्मा शोधू लागलो.